तेरा हजार रुपये आणि एकशे चाळीस वाचक: एका शाळेतल्या नव्या पुस्तकांच्या खरेदीचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते आठवी, पट १४०. शेजारच्या तांड्यावरची मुलंही इथेच येतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पहिली ते आठवीच्या शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला १३,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. या शाळेला ते ऑगस्टमध्ये मिळालं. या पैशांत कोणती नवी पुस्तकं घ्यायची आणि ती मुलांच्या हातात कशी पोचवायची, एवढाच या प्रकरणाचा विषय. शाळेचं नाव दिलेलं नाही. या पट्ट्यातल्या शाळांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण उभं केलं आहे. मुलांचे, पुस्तकांचे आणि रुपयांचे आकडे त्याच मापाने धरले आहेत.

शाळेत पुस्तकं नव्हती असं नाही. दाखल नोंदवहीत ४१२ पुस्तकं होती आणि ती सगळी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. कपाट रिकामं करून पुस्तकं सतरंजीवर मांडली, तेव्हा निम्म्याहून जास्त पुस्तकं तीन-चार प्रकारांतच मोडली. बोधकथा, थोर पुरुषांची बत्तीस पानी चरित्रं, सामान्यज्ञान आणि त्याच त्या लोककथांचे वेगवेगळ्या मुखपृष्ठांचे संच. कुणीतरी भेट दिलेली जाड इंग्रजी पुस्तकं होती, त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. देवघेव नोंदवहीत गेल्या दोन वर्षांत जेमतेम तीसेक पुस्तकांची नावं पुन्हा पुन्हा आली होती. ती तीस पुस्तकं ओळखायला नोंदवहीसुद्धा लागत नाही, कारण त्यांचे कोपरे दुमडलेले असतात, पिना सैल झालेल्या असतात आणि मधली जोडपानं निखळलेली असतात. खरेदीआधीची पहिली खरी माहिती त्या तीस पुस्तकांत असते, म्हणून ती बाजूला काढून ठेवली.

अनुदान आल्याची बातमी विक्रेत्यांना लगेच लागते. इथेही एक संच समोर आला: १६ ते २४ पानांची ३२५ पुस्तकं, प्रत्येकी ४० रुपये, एकूण बरोबर १३,०००. शाळेत पोच, बिल तयार, तपासणीत दाखवायला संख्या मोठी. मोह पडण्यासारखीच गोष्ट आहे, कारण तपासणीला आलेला माणूस बहुतेक वेळा पुस्तकं किती हेच विचारतो. पण संचाची यादी वाचली तर कपाटातल्या चारशे बारांचीच ती पुढची आवृत्ती होती. छापील किमतीवर साठ टक्के सूट दाखवली होती, यातही खुश होण्यासारखं काही नसतं. मराठी बालपुस्तकांवर प्रकाशक शाळेला थेट देतो ती सूट साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. साठ टक्के सूट देऊनही परवडतं याचा अर्थ छापील किंमतच फुगवलेली असते. शाळेने संच नाकारला. त्या पैशांत शेवटी १४७ पुस्तकं आणि एका मासिकाची वर्गणी आली. निम्म्याहून कमी पुस्तकं घेणं हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड निर्णय होता.

आधी वाचक मोजले

पहिली-दुसरीत ३४ मुलं, तिसरी ते पाचवीत ५२, सहावी ते आठवीत ५४. इयत्तेवरून पुस्तकं ठरवली की चूक होते, म्हणून प्रत्येक मुलाकडून न पाहिलेल्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचून घेतलं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही पातळ्यांची उतरंड शिक्षकांच्या रोजच्या वापरातली आहे, तीच वापरली. शिवाय पाच बोटांचा नियम: एका पानावर अडखळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच बोटं भरली तर ते पुस्तक त्या मुलाने एकट्याने वाचायला आज जड आहे. त्याला ते वाचून दाखवता येईल, पण घरी देऊन उपयोग नाही. एका वर्गाला या कामासाठी दोन-तीन तासिका पुरतात.

लहान मुलांचं चित्र अपेक्षेप्रमाणेच निघालं. सहावी ते आठवीतल्या ५४ मुलांचं मात्र नीट पाहायला हवं. त्यातली १४ मुलं परिच्छेदापाशीच अडकलेली होती. २६ मुलं चाळीस-पन्नास पानांचं पुस्तक आठवड्यात संपवू शकत होती. उरलेल्या १४ जणांना, त्यांत मुली जास्त, शंभर-दीडशे पानांची सलग गोष्ट हवी होती आणि शाळेत त्यांच्यासाठी एकही पुस्तक नव्हतं. थोर पुरुषांची चरित्रं सोडून या वयाच्या मुलांसाठी कपाटात काही ठेवायचं असतं, असा विचारच कधी झालेला नव्हता.

मराठीत ही अडचण एका शाळेपुरती नाही. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी गेल्या वीस वर्षांत खरोखर चांगली पुस्तकं आली. प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, तूलिकाची इंग्रजी-मराठी द्वैभाषिक चित्रपुस्तकं असे पर्याय आहेत. बारा ते सोळा वयाला आलं की मात्र फळी एकदम रिकामी होते आणि मुलं थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांकडे ढकलली जातात किंवा वाचनच सोडतात. याचं कारण बरंचसं हिशेबात आहे. चोवीस पानांचं रंगीत पुस्तक कमी किमतीत बसवता येतं, दीडशे पानांच्या कुमार कादंबरीला तेवढी चित्रं देता येत नाहीत, आवृत्ती लहान काढावी लागते, म्हणून किंमत चढते. त्यात विकत घेणारे पालक या वयात कथेपेक्षा स्कॉलरशिपच्या गाइडवर पैसे खर्च करणं पसंत करतात. म्हणून शाळेने या गटासाठी जरा जास्त खोदकाम केलं पाहिजे. सोपी पुस्तकं शोधावी लागत नाहीत, ती समोर येतातच.

इथे एक गल्लत वारंवार होते. साहित्य अकादमीच्या पुरस्कारांच्या याद्या खरेदीसाठी पाहिल्या जातात, ते चांगलंच आहे. पण त्यातला बाल साहित्य पुरस्कार, जो २०१० पासून दिला जातो, तो मुलांसाठीच्या लेखनाला असतो. युवा पुरस्कार मात्र पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकाला मिळतो. तो लेखकाच्या वयावर आहे, वाचकाच्या नाही. युवा पुरस्काराची यादी पाहून आठवीसाठी मागवलेला कवितासंग्रह अनेक शाळांच्या कपाटात निमूट पडून आहे.

पुस्तक हातात घेऊन काय पाहिलं

खरेदी यादीवरून केली नाही. दोन शिक्षक जिल्ह्याच्या गावी प्रदर्शनात गेले आणि प्रत्येक पुस्तक हाताळून निवडलं.

आधी बांधणी. ४८ पानांपर्यंत मधोमध पिना मारलेलं पुस्तक उत्तम, ते पूर्ण उघडतं आणि मुलांच्या हातात टिकतं. गोंदाने चिकटवलेलं पुस्तक मधल्या पानावर सपाट उघडून पाहावं. पाठीतून कट्ट असा आवाज आला किंवा पानांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली, तर ते पंधरा मुलांच्या हातांतून जाईपर्यंत सुटं होणार. शंभर पानांच्या पुढे शिवलेली बांधणी मिळाली तर वीस-पंचवीस रुपये जास्त देऊन तीच घ्यावी. कागद ७० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ७० ग्रॅम) असेल तर मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात आणि नवशिक्या वाचकाची ओळ चुकते. ९० ते १०० जीएसएमचा मॅपलिथो असेल तर हा त्रास होत नाही.

मग अक्षर. पहिली-दुसरीला १८ ते २४ पॉइंट, तिसरी ते पाचवीला १४ ते १६, त्यापुढे १२ ते १४. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर सढळ हवं. अक्षर मोठं पण ओळी दाटीवाटीने बसवलेल्या, अशी पुस्तकं खूप दिसतात आणि ती वाचायला लहान अक्षराच्या पुस्तकापेक्षाही जड जातात.

जुळणी पाहायची एक सोपी खूण आहे. कोणतंही पान उघडून ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ असा एखादा शब्द शोधावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये घाईने बदललेला असेल तर तिथे ‘दुसर्या’, ‘तर्हा’, ‘सुर्या’ छापलेलं सापडतं. आडवा र जाऊन डोक्यावर रफार बसलेला असतो आणि सुऱ्यांचा सूर्य होतो. ‘द्ध’, ‘ष्ट्र’ अशा जोडाक्षरांचे पाय मोडून सुटे झालेले दिसतात. एखादी मुद्रणचूक सगळीकडे असते, पण हा दोष पानोपानी दिसला तर त्या पुस्तकाचं मुद्रितशोधन झालेलंच नाही. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलासमोर असं पुस्तक ठेवणं म्हणजे त्याने मेहनतीने शिकलेलं पुसून टाकणं आहे. या एका कारणाने प्रदर्शनातली बरीच स्वस्त पुस्तकं परत ठेवावी लागली.

त्यानंतर श्रेयपान. पहिली आवृत्ती कधीची आणि हे पुनर्मुद्रण कितवं ते पाहिलं. मुखपृष्ठ नवं आणि मजकूर चाळीस वर्षांपूर्वीचा असला तर त्यात वाईट काही नाही, पण तो नवीन खरेदीच्या पैशांत घ्यायचा की नाही ते माहिती असून ठरवलेलं बरं. लेखकाचं नाव आहे का, चित्रकाराचं आहे का, अनुवाद असेल तर अनुवादकाचं आहे का. चित्रपुस्तकावर चित्रकाराचं नाव नसेल तर ते सरळ खाली ठेवावं. जिथे चित्रकाराला नाव दिलं जात नाही, तिथे चित्रं बहुतेक वेळा इकडून तिकडून गोळा केलेली असतात आणि मजकुरात चार मुलं नि चित्रात तीन असे प्रकार निघतात. अनुवादाची परीक्षा मोठ्याने वाचून होते. एक पान वाचताना शिक्षकच दोनदा अडखळला तर मूल काय वाचणार?

शेवटी आशय. मोठ्या मुलांच्या पुस्तकात अडचण कोण सोडवतं हे पाहावं. प्रत्येक वेळी गुरुजी किंवा वडील येऊन समजावतात आणि मुलगा सुधारतो, अशी गोष्ट तेरा वर्षांचं मूल दुसऱ्या पानावर ओळखतं. मासिक पाळी, शरीरातले बदल, जात, स्थलांतर, मोबाइल, घरातलं भांडण हे विषय आले म्हणून पुस्तक टाळलं नाही. दोन शिक्षकांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि मगच घ्यायचं, असं ठरवलं. पालकांनी विचारलं तर वाचलेला माणूस उत्तर देऊ शकतो. न वाचता घेतलं की पहिल्या तक्रारीला ते कपाटात जातं.

पैशांची विभागणी

सगळे पैसे एकदम खर्च करायचे नाहीत असं ठरलं. पहिल्या फेरीत ८,४४० रुपये, उरलेले ४,५६० मुलं काय वाचतात ते पाहून.

नवशिक्या वाचकांसाठी ३० चित्रपुस्तकं, सूट वजा जाता सरासरी ५० रुपये, म्हणजे १,५००. यात बिनशब्दांची पाच मुद्दाम घेतली. तांड्यावरून पहिलीत आलेली मुलं घरी गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात. मराठी मजकूर त्यांना सुरुवातीला परका असतो, पण चित्रांवरून गोष्ट ती त्यांच्या भाषेत धडाधड सांगतात. तिसरी ते पाचवीसाठी ४० पुस्तकं, सरासरी ६५ रुपये, एकूण २,६००. सहावी ते आठवीसाठी २६ पुस्तकं, सरासरी १४० रुपये, एकूण ३,६४०. मुलांच्या मासिकाची वर्षाची वर्गणी आणि टपाल मिळून ७०० धरले. दर महिन्याला शाळेत काहीतरी नवं येतं याची मुलांना सवय लागते, ती वर्षातून एकदा येणाऱ्या खोक्याने लागत नाही.

मोठ्यांच्या २६ पुस्तकांत शीर्षकं १६च होती. दहा पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घेतल्या. संख्येच्या मागे लागलेल्याला हे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. या वयात मात्र मूल पुस्तक वाचतं ते मैत्रिणीने वाचलं म्हणून, आणि एकच प्रत असली की मैत्रिणीची उत्सुकता तीन आठवड्यांत विरून जाते.

अडकलेल्या १४ जणांसाठी सहा शीर्षकं वेगळी काढली. सातवीतला, मिसरूड फुटायला लागलेला मुलगा दुसरीच्या पातळीचं वाचत असेल तर त्याच्या हातात सशाचं पुस्तक देऊ नये. तो ते सगळ्यांसमोर घेणारच नाही. त्याला मजकूर सोपा पण विषय त्याच्या वयाचा हवा. मराठीत अशी पुस्तकं त्या नावाने मिळत नाहीत, ती शोधावी लागतात. चित्रकथा, यंत्रं कशी चालतात याची सचित्र पुस्तकं, दोन-तीन पानांच्या भुताच्या गोष्टी, करून पाहायच्या प्रयोगांची पुस्तकं, साप आणि शिकारी पक्ष्यांची माहिती. वाक्य आठ-दहा शब्दांच्या आत, परिच्छेद चार ओळींचा आणि मुखपृष्ठावर बाळबोध चित्र नाही, एवढं पाहिलं.

बिलाबाबत थोडं. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, तो बिलात लावलेला दिसला तर काढून घ्यावा. ‘पुस्तके ९६ नग’ असं बिल घेऊ नये, शीर्षकवार यादी, प्रती आणि छापील किंमत हवी, आणि तीच यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाला जोडावी. अनुदान मार्चच्या तोंडावर आलं तर दोन फेऱ्या जमत नाहीत, कारण ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. त्यावर उपाय एकच: निवडीची यादी वर्षभर वाढती ठेवायची, म्हणजे पैसे आले की फक्त मागणी नोंदवणं उरतं. घाईतच संच विकले जातात.

कपाटाबाहेर

दाखल नोंदवहीत क्रमांक घातले, शिक्का शीर्षकपानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर मारला. चित्रावर शिक्का मारायचा नाही, ही सूचना लेखी द्यावी लागते. पाठीवर दोन इंची पारदर्शक चिकटपट्टी लावली. तपकिरी कागदाची कव्हरं घातली नाहीत. मुखपृष्ठ झाकलं की मूल पुस्तक निवडू शकत नाही.

चोवीस पानी पुस्तकाची पाठ जेमतेम दोन मिलिमीटर असते, त्यावर नाव छापताच येत नाही. अशी पुस्तकं फळीवर उभी लावली की ती नाहीशीच होतात. म्हणून पहिली-दुसरीच्या खोलीत जमिनीपासून तीन फुटांवर सुतळी ताणून चिमट्यांनी पुस्तकं समोरून दिसतील अशी टांगली. मोठ्यांची पुस्तकं व्हरांड्यातल्या बाकावर आडवी मांडली. सुतळी, चिमटे, चिकटपट्टी आणि नोंदवहीचा खर्च संयुक्त शाळा अनुदानातून केला.

रंगांच्या पट्ट्यांनी पातळी दाखवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. रूम टू रीड या मुलांच्या वाचनावर काम करणाऱ्या संस्थेच्या उतरंडीत हिरवा, लाल, नारिंगी, पांढरा, निळा, पिवळा असे सहा रंग असतात. शंभरएक पुस्तकांना सहा रंग जास्त होतात, म्हणून इथे तीनच ठेवले. आठवडाभरात मुलांनी रंग ओळखला आणि ‘तू अजून हिरव्यातच?’ हे ऐकू यायला लागलं. मोठ्या मुलांच्या पुस्तकांवरचे पातळीचे रंग काढून टाकले आणि तिथे विषयाची चिठ्ठी लावली: भूत, विज्ञान, खेळ, प्राणी, प्रवास. अडकलेला मुलगा आता ‘भूत’ घेतो, सोपं पुस्तक घेतो असं कुणी म्हणत नाही. लहानांच्या पुस्तकांवर रंग ठेवले, तिथे ते शिक्षकाच्या सोयीचे आहेत.

देवघेव आठवड्यातून दोनदा, मधल्या सुट्टीत, सातवीच्या दोन मुली आणि दोन मुलगे नोंद करतात. नोंदवहीत चारच रकाने: तारीख, नाव, पुस्तक क्रमांक, परत. ‘आवडलं का’ हा पाचवा रकाना सुरुवातीला होता. त्यात सगळे ‘हो’ लिहीत होते, म्हणून तो काढला. पुस्तक अर्धवट सोडलं तर चालेल, हे मात्र मुलांना स्पष्ट सांगितलं.

काय फसलं

मोठ्यांच्या जाड पुस्तकांना पहिला महिनाभर कुणी हात लावला नाही. आठवीची मुलं व्हरांड्यातून उठून पहिलीच्या सुतळीपाशी जात होती आणि ‘लहान मुलांची पुस्तकं कशाला?’ म्हणून बोलणी खात होती. बोलणी थांबवणं हा पहिला उपाय. मोठी मुलं चित्रपुस्तक आवडीने वाचतात आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरा उपाय वाचून दाखवण्याचा. दीडशे पानांचं पुस्तक मूल स्वतःहून उघडत नाही, कारण आत काय आहे याचा अंदाजच नसतो. शिक्षिकेने एका कादंबरीची पहिली सहा पानं शनिवारी पंधरा मिनिटांत वाचून दाखवली, प्रसंग ऐन रंगात आला असताना थांबल्या आणि दोन्ही प्रती टेबलावर ठेवून दिल्या. दोन्ही प्रती त्याच दिवशी घरी गेल्या. तेव्हापासून दर शनिवारी एक नवं पुस्तक, पंधरा मिनिटं, आणि शेवट कधीच सांगायचा नाही. सगळ्या उपायांत हा सर्वांत बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक ठरला. वाचून दाखवणाऱ्याने पुस्तक आधी पूर्ण वाचलेलं असावं, नाहीतर थांबायचं कुठे हे कळत नाही.

मासिक पाळीवरचं सचित्र पुस्तक मुलींना गुपचूप द्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा ते कुणी नेलं नाही. बाकावर इतर पुस्तकांबरोबर ठेवल्यावर ते मुलींनी नेलं, आणि काही मुलग्यांनीही.

एका मालिकेचा दुसरा भाग आला, पहिला नव्हताच. मुलांनी तो दहा पानांवर सोडला. प्रदर्शनात गठ्ठ्यातून उचलताना अशी चूक सहज होते. मलपृष्ठ वाचलं असतं तर ती टळली असती.

कोपऱ्यातल्या भिंतीला ओल होती आणि तिथे टेकवून ठेवलेल्या जुन्या पुस्तकांना वाळवी लागली. कपाट भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढलं, पायांखाली विटा घातल्या. डांबराच्या गोळ्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठिकाणी ठेवू नयेत. पुस्तकं हलती राहणं हाच कसरीवरचा, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्यावरचा, चांगला इलाज आहे.

दिवाळीनंतर

या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. पटावरची ३८ मुलं आईबापांबरोबर जाणार होती, काही मागे हंगामी वसतिगृहात राहणार होती. नेहमीची रीत अशी की ऑक्टोबरमध्ये सगळी पुस्तकं जमा करून घ्यायची आणि कपाट बंद करायचं. त्यामुळे ज्यांना पुस्तकाची सगळ्यात जास्त गरज आहे, तीच मुलं पाच महिने कोरडी राहतात.

शाळेने प्रत्येक टोळीतल्या एका मोठ्या मुलाकडे कापडी पिशवीत दहा पुस्तकं दिली. पिनांची, हलकी, सोपी, तीन-चार चित्रकथा, दोन बिनशब्दांची. फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, कपाट नसतं, पाऊस-चिखल असतो, म्हणून गोंदाच्या बांधणीचं एकही दिलं नाही. पिशवीत यादी, वही आणि पेन्सिल. वसतिगृहातल्या मुलांसाठी वीस पुस्तकांची पेटी संध्याकाळसाठी वेगळी काढली. जेवणाआधीचा तासभर त्यांच्याकडे मोकळा असतो, तेवढा वेळ इतर मुलांना मिळतच नाही.

मुख्याध्यापकांची भीती खरी होती: हरवलं तर भरायचं कुणी? याच भीतीने महाराष्ट्रभर कपाटांना कुलपं आहेत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवणं वाजवी मानलं आहे, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. तो नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तरी विचार करायला आधार म्हणून चांगला आहे. व्यवस्थापन समितीने स्वतःचा ठराव केला: स्थलांतरित मुलांना दिलेल्या पुस्तकांपैकी दहात दोन परत आली नाहीत तर ती निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायची, शिक्षकाकडून वसुली नाही, मुलाला दंड नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, असं म्हटलं आहे. ती पुस्तकं मुलांनी वाचावीत म्हणूनच असतात, हे ठरावात लिहून घेतलं.

जी पुस्तकं विकत घेता आली नाहीत, त्यांची उणीव थोडी मोफत साधनांनी भरली. प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. तिथल्या मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, पहिली पातळी २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत, त्यापुढे चौथी. बहुतेक गोष्टी सीसी बाय ४.० परवान्याखाली आहेत, म्हणजे श्रेय देऊन छापता आणि अनुवादित करता येतात. तांड्यावरच्या आठवीच्या मुलींनी अशा चार गोष्टी गोरबोलीत केल्या, देवनागरीत लिहून कागदाच्या पट्ट्या छापील पानांवर मराठी मजकुराखाली चिकटवल्या आणि मूळ लेखक-चित्रकारांबरोबर स्वतःची नावं घातली. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत आहेत. त्यातल्या कथा शनिवारच्या पंधरा मिनिटांना उपयोगी पडल्या.

दुसरी फेरी

जानेवारीत देवघेव नोंदवही घेऊन बसल्यावर ४,५६० रुपयांचं काय करायचं ते जवळजवळ आपोआप ठरलं. ‘भूत’ आणि ‘विज्ञान’ या चिठ्ठ्यांची पुस्तकं सतत बाहेर होती. चार शीर्षकांसाठी रांग लागत होती, त्यांच्या आणखी आठ प्रती, १४० ने, १,१२० रुपये. चित्रकथा आणि माहितीची १८ पुस्तकं, ८० ने, १,४४०. लांब वाचणाऱ्या चौदा जणांनी पहिल्या फेरीतल्या चारही कादंबऱ्या संपवल्या होत्या. त्यांच्यासाठी २०० रुपयांच्या आसपासच्या पाच नव्या, १,०००. उरलेल्या १,००० मध्ये २० चित्रपुस्तकं, कारण फडावर गेलेल्या पिशव्यांमुळे सुतळी अर्धी रिकामी झाली होती. पाच कादंबऱ्यांची निवड त्या चौदांपैकी तीन मुलींनी केली. शिक्षकांनी बारा पुस्तकांची माहितीपत्रकं त्यांच्यासमोर ठेवली आणि निवड झाल्यावर ती पाच स्वतः वाचली.

एप्रिलमधल्या मोजणीत पिशव्यांतली सात आणि शाळेतली दोन पुस्तकं कमी भरली. ती ठरावानुसार निर्लेखित झाली. चार पुस्तकं वाचून वाचून फाटली होती, त्यांची नावं पुढच्या वर्षीच्या यादीत सगळ्यात वर लिहिली आहेत, प्रत्येकी दोन प्रती. त्याखाली त्या अर्धवट मालिकेचा पहिला भाग, आणि सहावी ते आठवीच्या रकान्यात एकूण रकमेच्या निम्मे पैसे राखून ठेवायचे, अशी नोंद आहे.